डाव्या हाताला कला केंद्र

हायवेवरचा तो बोर्ड आपण सगळ्यांनी वाचलाय. गाडी मात्र कुणी थांबवत नाही. निदान थांबवली असं कुणी सांगत नाही. गेल्या महिन्यातल्या एका वीकएण्डला आम्ही थांबवली!

पुणे-अहिल्यानगर-जामखेड-बीड. हा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे. कारण सोप्पं आहे, या रस्त्यावर पाली आहे आणि पालीत माझी आत्या आहे. मांजरसुंब्याच्या चौकात बीडकडे वळायचं, घाट उतरायचा आणि बिंदुसरेच्या तलावाचं पाणी दिसलं की बॅगा आवरायला घ्यायच्या. दिवाळीची सुट्टी सुरू!

तेव्हा एसटीत खिडकीशी बसून बोर्ड मोठ्यानं वाचायचा माझा छंद होता. हॉटेल, रसवंती, पंक्चर, कृषी सेवा केंद्र, कला केंद्र. चौथीत असताना मी बाबांना विचारलं, ‘‘बाबा, इथे चित्रकला शिकवतात का?’’ मागच्या सीटवरचे दोन काका खो खो हसले. बाबा म्हणाले, ‘‘खिडकी लाव, धूळ येतेय.’’

मी खिडकी लावली. ती पुढची वीस वर्षं लागलेलीच राहिली.

मधल्या काळात मी मास कॉम केलं. तिथे ‘लोकमाध्यमे’ नावाचा एक चॅप्टर होता. त्यात तमाशावर पाच मार्कांची टीप लिहायची असायची. गण, गौळण, बतावणी, वग. हे चार शब्द लिहिले की पाचपैकी चार मार्क पक्के. मी लिहिले, मिळाले. तमाशा मात्र एकदाही पाहिला नव्हता. लावणी म्हणजे आपल्यासाठी काय? तर २०१० मध्ये आलेला ‘नटरंग’, २०२२ मधला ‘चंद्रमुखी’ आणि ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला एचआरच्या मुलींनी केलेला डान्स.

मग एकदा पुण्यात ‘संगीत बारी’चा प्रयोग पाहिला. भूषण कोरगावकरांचं याच नावाचं पुस्तक २०१४ मध्ये आलं. त्यावरून सावित्री मेधातुल आणि त्यांनी मिळून हा कार्यक्रम उभा केला. स्टेजवर शकुंतलाबाई नगरकर होत्या. त्या खाली बसल्या आणि एकच ओळ पाच-सहा वेळा वेगवेगळ्या अदांनी सादर केली. एकदा रुसून, एकदा चिडवून, एकदा अशी की माझ्या शेजारच्या आजींनी चष्मा काढून पुसला. मी तिसऱ्या रांगेत, एसीमध्ये बसून विचार करत होते, की ही कला जिथून आली ती जागा तर माझ्या आत्याच्या रस्त्यावर आहे. आणि मी खिडकी लावून घेतली होती.

तर प्लॅन ठरला. मी, हिंजवडीत कोडिंग करणारा माझा मित्र आणि त्याची बायको. मुक्काम पालीला, आत्याकडे. आणि ओळख एका ढोलकीवाल्या दादांची, जे पुण्यात कार्यक्रमांना साथ करतात. त्यांनी एका केंद्रात फोन करून ठेवला होता. केंद्राचं नाव आणि गाव मी मुद्दामच लिहीत नाहीये. का, ते पुढे येईलच.

आत्या म्हणाली...

शुक्रवारी रात्री पालीला पोचलो. दसरा नुकताच झाला होता. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या. भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या, सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. बीड जिल्ह्यात हे दरवर्षीचं दृश्य आहे. इथली गावंच्या गावं दिवाळीच्या आगेमागे रिकामी होतात आणि थेट पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या कारखान्यांवर जाऊन पालं ठोकतात.

सकाळी बिंदुसरेच्या बांधावर फिरून आलो, चहा झाला आणि मी विषय काढला.

‘‘कुठं जायलीस म्हणलीस?’’ आत्यानं भाकरी थापायची थांबवली.

‘‘कला केंद्रात. लेख लिहायचाय.’’

‘‘माय! डोकं फिरलं का पोरी तुझं? आन् तुझ्या बापाला काय सांगू मी?’’

‘‘काही नको सांगूस.’’

‘‘बाईमाणसाचं ठिकाण हाय का ते?’’

हा प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यात राहिला. कारण त्या ठिकाणी राहतं कोण? सगळ्या बायाच!

बारी म्हणजे काय रे भाऊ?

थोडा बेसिक क्लास. तमाशाचे ढोबळ दोन प्रकार. पहिला ढोलकी फडाचा. हा गावोगाव फिरतो, तंबू लावतो, जत्रांमध्ये रात्रभर चालतो आणि त्यात वग म्हणजे नाटकही असतं. नारायणगाव ही त्याची पंढरी. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) या फडाच्या सम्राज्ञी. राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं दिला जातो.

दुसरा प्रकार संगीत बारीचा. यात वग नाही, सोंगाड्या नाही. गाणं, नाच आणि अदा, बस्स. बारी फडासारखी गावोगाव फिरत नाही. थिएटरमध्ये मुक्कामाला राहते आणि लोक तिच्याकडे येतात. पुण्याचं आर्यभूषण थिएटर, सोलापूर रस्त्यावरचं चौफुला, मोडनिंब, जामखेड ही त्यातली गाजलेली नावं. पूर्वी नुसतं ‘थिएटर’ म्हणत, आता बोर्डावर बहुतेक ठिकाणी ‘सांस्कृतिक कला केंद्र’ असतं.

एका केंद्रात अनेक पार्ट्या असतात. प्रत्येक पार्टीची एक मालकीण. तिच्या हाताखाली नाचणाऱ्या, गाणाऱ्या, एक पेटीमास्तर, एक ढोलकीवाला, एक तबलजी. प्रत्येक पार्टीला राहायला खोल्या आणि बैठकीची खोली. संध्याकाळी स्टेजवर तिकिटाचा खेळ होतो. त्यात एकेक पार्टी आळीपाळीनं येऊन आपली झलक दाखवते. मग ज्याला जी पार्टी आवडेल त्यानं तिची खासगी बैठक ठरवायची. बैठकीच्या पैशातला वाटा थिएटरला जातो, उरलेला पार्टीत वाटला जातो. वर खूश होऊन दिलेले पैसे म्हणजे दौलतजादा.

म्हणजे बघा, बॉस बाई, टीममध्ये पुरुष, प्रॉफिट शेअरिंग आणि राहायची सोय ऑफिसातच. आपल्या कॉर्पोरेटवाल्यांनी केस स्टडी करावी असं मॉडेल!

पण थांबा. मॉडेलची दुसरी बाजूही आहे. या कलेत पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या बायका बऱ्याचदा कोल्हाटी समाजातल्या. पायात चाळ बांधली की लग्न नाही, अशी रीत. मुलांच्या नावापुढे वडिलांऐवजी आईचं नाव. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ मध्ये आलं आणि महाराष्ट्राला हे पहिल्यांदा नीट कळलं. २००७ मध्ये ते गेले. घरातली एक मुलगी नाचते आणि अख्खं घर खातं, हे त्यांनी इतकं स्पष्ट लिहिलंय की नंतर लावणीवर शिट्टी वाजवताना जीभ अडखळते.

दुपारचं कला केंद्र

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी मनात काय काय चित्रं रंगवली होती! लाल दिवे, अत्तर, पडदे. प्रत्यक्षात काय होतं? पत्र्याच्या शेडखाली एक मोठं अंगण. दोरीवर वाळत घातलेल्या नऊवाऱ्या. एक बाई मेथी निवडत होती, दुसरी मोबाइलवर सीरियल पाहत होती. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी पायरीवर बसून भागाकाराची गणितं सोडवत होती. मेहंदी लावलेल्या तिच्या मावशीला ती दर दोन मिनिटांनी विचारत होती, ‘‘सात नव्वे?’’

थोडक्यात, तुमच्या-माझ्या सोसायटीतली रविवार दुपार. फक्त एका खोलीतून ढोलकीवर शाई लावल्याचा वास येत होता आणि कुणीतरी पेटीवर तीच तीच जागा घोटत होतं.

ज्या मालकीणबाईंकडे आम्ही गेलो त्यांना सगळे अक्का म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो. साठीच्या असाव्यात. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज एकदम करडा. मित्राच्या बायकोकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘जेवून आलात का?’’ आम्ही हो म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. पिठलं-भाकरी समोर आली.

जेवताना त्यांनी कोपऱ्यातले चाळ आणायला सांगितले. पितळी घुंगरांची ती जाडजूड पट्टी मला एका हातानं उचलवेना. ‘‘बांध की,’’ अक्का म्हणाल्या. मी हात मागे घेतला. त्यांच्या ते लक्षात आलं. ‘‘बरं केलंस,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमच्यात ती गंमत नसती. एकदा बांधलं की बांधलं.’’

पार्टीच्या फलकावर अक्कांचं नाव आणि पुढे गावाचं नाव होतं. या कलेत ही पद्धतच आहे. विठाबाई नारायणगावकर. यमुनाबाई वाईकर, ज्यांचं मूळ आडनाव जावळे. २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्या गेल्या, शंभरी ओलांडून. ज्या गावात बैठकीवालीला कुणी भाड्यानं घर देणार नाही, त्याच गावाचं नाव ती आयुष्यभर मिरवते. गावाला हे कधी जाणवत असेल का?

बैठक

सहाच्या सुमाराला आमची बैठक लागली. लहानशी खोली. जमिनीवर गाद्या, लोड, भिंतीवर गणपती आणि तुळजाभवानीचे फोटो. साताठ माणसं बसली की भरली. अक्का भिंतीशी गायला बसल्या. समोर त्यांची भाची, पंचविशीची. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाची.

सुरुवातीला तिनं एक उडती लावणी केली. ढोलकी इतक्या जवळून ऐकली तर ती कानात नाही, बरगड्यांत वाजते. मित्र एकदम चेकाळला. त्यानं टाळ्या सुरू केल्या आणि चुकीच्या मात्रेवर टाळी देत राहिला. ढोलकीवाले काका हसून त्याला सांभाळून घेत होते.

मग अक्कांनी विचारलं, ‘‘काय ऐकायचं?’’

मी पुस्तकी ज्ञान पाजळलं, ‘‘बालेघाटी म्हणाल?’’

खोलीत क्षणभर शांतता. पेटीमास्तरांनी मान वर केली. अक्का म्हणाल्या, ‘‘लई दिसांनी मागितली कुणी.’’

बालेघाटी म्हणजे विरहाची लावणी. संथ, लांब ताना घेत जाणारी. आणि त्या नावातच आमचा बालाघाट आहे! मांजरसुंब्याचा घाट उतरताना दिसणारी ती बोडकी टेकाडं, सीताफळीची झुडपं, मधूनच चमकणारं पाणी. मी लहानपणापासून या डोंगरात येतेय आणि त्याच्या नावाचं गाणं असतं हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं.

भाची आता उभी नव्हती, बसली होती. नाच जवळजवळ नाहीच. एक हात गुडघ्यावर, पदराचं टोक बोटात. तिचा माणूस परगावी गेलाय, एवढीच गोष्ट. तीच ओळ पुन्हा येत होती आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा थोडा विझत होता. मला एकदम सकाळच्या ट्रॉल्या आठवल्या. दरवर्षी इथलं अर्धं गाव परगावी जातं. हे गाणं कुणा राजवाड्यासाठी नाहीच, याच रस्त्यासाठी आहे, असं त्या क्षणी वाटलं.

मित्राच्या टाळ्या थांबल्या होत्या. त्यानं खिशातून नोट काढली आणि कशी द्यायची ते न कळून तशीच धरून बसला. शेवटी उठून पेटीवर ठेवली आणि नमस्कार केला. अक्कांनी नोट कपाळाला लावली.

शेजारची खोली

हे इथेच संपलं असतं तर एकदम फील गुड लेख झाला असता. पण आमच्या बालेघाटीच्या मधोमध शेजारच्या खोलीत स्पीकर सुरू झाला. हिंदी रिमिक्स, धडाधड. भिंत थरथरायला लागली. अक्कांनी आवाज चढवला, मग डोळे मिटले आणि कडवं अर्ध्यात संपवलं.

बाहेर आले तर शेजारच्या दारात बूट. शेतकऱ्याचे नव्हते, मुकादमाचे नव्हते. ब्रँडेड स्नीकर्स! आत सहा-सात जण, आपल्याच वयाचे. एकाच्या गळ्यात ऑफिसची निळी पट्टी अजून होती. एक जण मोबाइल उंच धरून व्हिडीओ काढत होता. नाचणारी मुलगी दर गिरकीला चेहरा वळवत होती. ती लाजत नव्हती, कॅमेरा चुकवत होती. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘‘इकडे बघ ना!’’

कला केंद्रात वाह्यात कोण वागतं, असा प्रश्न विचारला तर आपण डोळे झाकून धोतर-टोपीवाल्या पाटलाकडे बोट दाखवतो. ‘पिंजरा’पासूनच्या सिनेमांनी तेच शिकवलंय. पण त्या दारात मी उभी होते आणि ते सगळे माझ्या कॉण्टॅक्ट लिस्टमधले असू शकत होते.

अक्कांना विचारलं, तुम्ही अडवत का नाही? त्या म्हणाल्या, ‘‘ते तासाचं पैसं मोजत्यात. तुमच्यासारखं महिन्यातनं एक गिऱ्हाईक. त्यांच्यासारखं रोज चार. करोनात दीड-दोन वर्षं दार बंद होतं तवा कुणी विचारलं नाही. आता दार उघडं हाय तर उघडं ठिवू दे.’’ पेटीमास्तरांनी पुस्ती जोडली, ‘‘स्पीकरला पेटीवाला लागत नाही, मॅडम.’’ हे एकच वाक्य ते संध्याकाळभरात बोलले.

जाणकार लोक म्हणतात लावणी मरतेय. मरत बिरत नाहीये हो. रोज संध्याकाळी ती चाळ बांधून तयार असते. तिला काय गायला लावायचं ते गिऱ्हाईक ठरवतं. आणि गिऱ्हाईक आता आपण आहोत.

फोटो

आता कबुलीजबाब. माझ्याही पर्समध्ये कॅमेरा होता. या गुळगुळीत पानांना फोटो लागतात आणि संपादकांनी ‘पोर्ट्रेट्स मस्ट’ असं बजावलं होतं. निघताना मी भाचीला विचारलं. तिनं पदर नीट केला, क्षणभर तयार झाली आणि मग म्हणाली, ‘‘ताई, नको. ती गणितं करत होती ना, ती माझी लेक. तालुक्याच्या शाळेत जाते. तिथं कुणाला ठाऊक नाही.’’

‘‘चेहरा ब्लर करू,’’ मी म्हटलं. पत्रकारितेतलं आमचं हे हुकमी अस्त्र.

‘‘साडी ओळखतेत, खोली ओळखतेत,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या गावचं पुस्तक आमच्या गावात पण येतं.’’

व्हिडीओ काढणारा तो मुलगा आणि मी, दोघांनाही तेच हवं होतं. माझी विचारण्याची पद्धत जरा बरी होती, इतकंच. मी कॅमेरा ठेवून दिला. म्हणून या लेखासोबत तुम्हाला रस्त्याचा आणि सीताफळांचा फोटो दिसतोय, आणि म्हणून केंद्राचं नाव नाही.

निघताना लेक अंगणात होती. तिला मी सांगितलं, सात नव्वे त्रेसष्ट. ती म्हणाली, ‘‘ते कधीच झालं. आता सतराचा पाढा.’’

परत पाली

रात्री उशिरा पोचलो. आत्या जागीच होती. काही बोलली नाही, पाणी दिलं, झोपली. सकाळी ओट्यावर सीताफळं फोडत बसलो तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘काय म्हणली मग बाई?’’

‘‘बालेघाटी.’’

आत्यानं बी थुंकली आणि तलावाकडे पाहत म्हणाली, ‘‘आपल्या गावच्या जत्रंला फड यायचा दरसाल. आम्हा पोरींला घरात कोंडायचे. बाहीरून कडी. पर ढोलकी काय कडी लावल्यानं थांबती का? सगळं गाणं आतून पाठ झालतं माझं.’’

‘‘आणि बाबा?’’

‘‘तुझा बाप? म्होरंच बसायचा की! पहिल्या रांगंत, टोपी उडवायला.’’

मी हसत सुटले. खिडकी लाव, धूळ येतेय! वाटलं, आत्ताच्या आत्ता फोन लावावा. मग वाटलं, नको. हा लेखच पाठवू.

आत्या मात्र हसत नव्हती. दुसरं सीताफळ हातात घेऊन ती थोडा वेळ नुसतीच बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘आपल्यासारख्या बायांला बसू देतेत का गं तिथं?’’

‘‘देतात,’’ मी म्हटलं. ‘‘आधी फोन करून जायचं.’’

जायचंय? मग हे वाचा

- सुरुवात स्टेजपासून करा. पुण्या-मुंबईत बैठकीच्या लावणीचे कार्यक्रम होत असतात. आधी ते पाहा, म्हणजे काय मागायचं ते कळेल.

- ओळखीनं जा, दुपारी जा. वादक किंवा अभ्यासक ओळखीचा असेल तर उत्तम. ग्रुपमध्ये बायका असतील तर तसं आधीच सांगा.

- मोबाइल खिशात. विचारल्याशिवाय फोटो नाही. विचारल्यावर ‘नको’ आलं तर ‘ब्लर करू’ म्हणू नका. अनुभवाचे बोल!

- जुनी लावणी मागा. बालेघाटी, छक्कड, बैठकीची. पेटी-ढोलकीवरच हवं असं आधी सांगा.

- घासाघीस करू नका. बैठकीचे पैसे आधी ठरतात. तुमच्या टीमच्या एका पिझ्झा पार्टीच्या बिलाशी तुलना करा आणि गप्प बसा.

- आसपास काय? पाऊस बरा झाला असेल तर पालीजवळचा बिंदुसरा तलाव. मांजरसुंब्याजवळ कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी, तिथली यात्रा कार्तिक पौर्णिमेची. बीड शहरात पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ. वेळ असेल तर अंबाजोगाई, जिथे दासोपंतांनी कापडावर लिहिलेली चाळीस हातांची पासोडी जपलेली आहे. आणि ऑक्टोबर असेल तर बालाघाटातली सीताफळं. ती कुठेही गाडी थांबवून घ्या, कुणी काही म्हणणार नाही.